वाचले, समजले

“‘एकोणीस जानेवारी. आमटी खारट झाली आहे, असं काल रात्री जेवताना बायकोला म्हणालो. आमटी बरोबर होती. मला सर्दी होती.’” वकील नाडकर्णी वाचायचे थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागले. “हे अक्षर तुमचंच आहे, लोटलीकर?”

“हो.”

“आणि हे? ‘दोन फेब्रुवारी. जिन्यात पाटीलबाईंनी नमस्कार केला. मी मागे वळून पाहिलं, की त्या कोणाला नमस्कार करतायत. त्या मलाच करत होत्या.’”

टेबलाच्या त्या टोकाला कोणीतरी हसलं. प्रत्येक शब्द टाइप करून घेणारी मुलगीसुद्धा ओठ दाबून टाइप करत होती. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिलो. ग्लास माझा की शेजारच्यांचा हे कळत नव्हतं, म्हणून सकाळपासून मी त्याला हात लावला नव्हता.

ही गोष्ट नोव्हेंबर २००१ ची. औरंगाबादेतल्या एका हॉटेलचा हॉल. आदल्या दिवशी तिथे साखरपुडा झाला असावा, कारण भिंतीवर झेंडूची एक माळ अजून लटकत होती. खटला अमेरिकेतला होता. पण साक्षीदार इथले, म्हणून साक्षी इथे घेतल्या जात होत्या. प्रश्नोत्तरं इंग्रजीत झाली. मी इथे मराठीतच लिहितो आहे. माझं इंग्रजी त्या दिवशी कसं होतं ते कोणाला कळू नये, हेही एक कारण.

टेबलाच्या एका बाजूला डॉ. श्रीनिवास हुपरीकर बसले होते, आमच्या संस्थेचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ; नाडकर्णी त्यांचे वकील. समोरच्या बाजूला कुंदा खिल्लारे, एके काळी त्यांच्या हाताखाली काम केलेली मुलगी, आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधन करणारी. भांडण एका पावडरीचं होतं. पेटंटवर संशोधक म्हणून एकट्या हुपरीकरांचं नाव होतं. कुंदाचं म्हणणं, त्यातली मूळ कल्पना तिची.

अशा खटल्यात ‘मला सुचलं’ एवढं म्हणून भागत नाही. तसं कोणीही म्हणेल. दुसऱ्या कोणीतरी, ज्याचा त्यात काही लाभ नाही अशाने, सांगावं लागतं की होय, अमुक दिवशी या माणसाला ही कल्पना सुचलेली होती. आणि ते त्या वेळच्या कागदावर दिसावं लागतं. तो दुसरा कोणीतरी मी होतो. दुर्दैवाने दोन्ही बाजूंचा.

*

मी संस्थेचा ग्रंथपाल. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात केलं, पीएच.डी. दोनदा सुरू करून दोनदा सोडली. प्रयोगाचं उत्तर लिहिताना माझा हात थांबायचा. हे बरोबर असेल का, या विचारात महिने जायचे. शेवटी एका भल्या प्राध्यापकांनी सुचवलं, “लोटलीकर, तुम्ही पुस्तकांत राहा. पुस्तकांना घाई नसते.”

संस्थेत एक पद्धत होती. प्रत्येक कायम शास्त्रज्ञाला एक पक्की बांधीव वही मिळे, पानांना छापील आकडे. केलेलं काम रोज त्यात लिहायचं आणि आठवड्याची पानं कोणीतरी साक्षीदार म्हणून वाचून सही करायची. हा साक्षीदार त्या कामातला नसावा, पण त्याला काम कळावं. आमच्या शास्त्रज्ञांनी एकमेकांना आपल्या वहीची पानं दाखवण्यापेक्षा दाढदुखी पत्करली असती. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दर शुक्रवारी दुपारी वह्या लायब्ररीत यायच्या. मी वाचायचो, पानाच्या तळाशी शिक्का मारायचो, सही करायचो, तारीख घालायचो. शिक्क्यावर दोन शब्द होते, त्यांचा अर्थ ‘वाचले, समजले’.

वाचायचो मात्र खरं. इतर संस्थांत साक्षीदार नुसत्या सह्या करतात असं ऐकलं होतं; मला ते जमलं नाही. समजलं की नाही याची खात्री कधीच नसायची. नुसतं ‘वाचले’ असा एक वेगळा शिक्का करून घ्यावा, असं मी एकदा कार्यालयाला सुचवलं होतं. कार्यालयातले लोक तो विनोद अजून सांगत असतील.

आणि माझी स्वतःची एक वही होती. घरी जाण्यापूर्वी, साडेपाचला, मी त्या दिवशी झालेल्या चुका तिच्यात लिहायचो. शाळेत असताना लागलेली सवय. नंतर एखादी चूक चूक नव्हतीच असं कळलं, तर त्या नोंदीवर पेन्सिलीने काट मारून तारीख घालायचो. माझी बायको इंदू तिला ‘पापांची वही’ म्हणायची. “पापं करायची हिंमत नाही आणि वही मात्र दोनशे पानी,” असं पाहुण्यांसमोर सांगायची.

*

पाच मार्च १९९८, गुरुवार. कुंदा लायब्ररीत आली आणि माझ्या टेबलाच्या कडेवर हात टेकून उभी राहिली.

“काका, तुमच्याकडं पापडावर पुस्तक हाये का?”

“पापडावर?”

“पापडखारावर. हसू नका.”

“मी हसलो नाही.”

“डोळ्यांत हसलात.”

ती मेहकरची. तिचं गाव लोणारच्या सरोवरापासून तासाभरावर, आणि हुपरीकरांचं काम त्याच सरोवराच्या खाऱ्या पाण्यातल्या एका जिवाणूवर चाललेलं. तो जिवाणू एक एन्झाइम तयार करी. कच्च्या कातड्यावर ते लावलं की केस सुटून येत. चुना लागत नसे, घाण वास येत नसे. अडचण एकच होती. एन्झाइम फ्रिजबाहेर काढलं की पाच-सहा दिवसांत मरून जाई. दहा वर्षं हुपरीकर त्यावर डोकं फोडत होते.

कुंदाने खुर्ची ओढली. “माझा बाप कातडी कमावतो, तुम्हाला ठाऊक हाये. चुन्यानं त्याची बोटं खाल्लीत. इथं या माणसांनी इतकं भारी औषध काढलं, पण ते फ्रिजमध्ये ठेवा म्हणतात. माझ्या बापाकडं फ्रिज नाही काका, पिंप हाये.”

“मग?”

“मग काल मावशीकडं गेले होते. ती पापड करते. पिठात खार घालत होती. म्हणाली, खार नीट पडला की पापड वर्षभर हलत नाही. आणि माझ्या डोक्यात आलं, आपण पहिलं काम काय करतो? एन्झाइम काढलं की त्यातला खार धुऊन टाकतो. चार-चार वेळा धुतो. का? तर शुद्ध पाहिजे. अहो, ज्या खारात ते जन्मलं तोच धुऊन टाकायचा, आणि मग विचारायचं, बाई गं, मेलीस काऊन?” तिने दोन्ही हात पसरले. “धुवायचंच नाही! खारासकट वाळवायचं. त्याची पावडर करायची.”

मी माझ्या एम.एस्सी.चं सगळं ज्ञान गोळा केलं. “तसं होत नाही, कुंदा. एवढ्या क्षारांत प्रथिनं साकळतात. पहिल्या वर्षाला शिकवतात हे.”

“काऊन होणार नाही?”

“पुस्तकात आहे.”

“तुमच्या पुस्तकाला बाप नसेल,” ती म्हणाली आणि उठून गेली.

तिच्या पाठोपाठ मी कपाटाकडे गेलो. चार पुस्तकं चाळल्यावर पाचव्यात एक परिच्छेद सापडला. काही जिवाणूंची एन्झाइमं क्षारांमुळेच टिकतात, क्षार काढले की उलगडतात. संध्याकाळी मी वहीत लिहिलं: ‘कु. खिल्लारे म्हणाली, एन्झाइममधला खार धुऊ नये, खारासकट वाळवून पावडर करावी. हे शक्य नाही असं मी ठासून सांगितलं. शक्य असावं. (पुस्तक क्र. ३१८७, पान २१४.) उद्या सांगणे.’

दुसऱ्या दिवशी मी ते पान उघडून तिच्यासमोर ठेवलं. “काल मी चुकलो. वहीत लिहून ठेवलं आहे.”

“म्हणजे? तुम्ही चुका लिहून ठेवता?” ती इतकी हसली की वाचनकक्षातल्या दोघांनी वर पाहिलं. “काका, अशी एक वही सरांना वाढदिवसाला द्या की!”

तिला स्वतःला पक्की वही नव्हती. पक्की वही फक्त कायम शास्त्रज्ञांना. प्रोजेक्ट फेलो मुलं सुट्या कागदांवर लिहीत. त्यातलं योग्य वाटेल ते त्यांचे गाईड आपल्या वहीत उतरवून घेत. सुटे कागद पुढे कुठे जातात हे कोणी विचारत नसे.

*

चोवीस एप्रिल, शुक्रवार. हुपरीकर स्वतः वही घेऊन आले. एरवी शिपाई आणायचा.

“लोटलीकर, हे एक पान राहिलंय बघा.”

मी पाहिलं. पानावर तारीख होती तीन फेब्रुवारी. अलीकडच्या-पलीकडच्या पानांवर माझे शिक्के होते. हे पान आलेख चिकटवण्यासाठी सोडलेलं असावं, असं मला तेव्हा वाटलेलं आठवलं. आता ते भरलेलं होतं. मी वाचलं. ‘धुण्याची पायरी वगळून, मूळ क्षारांसह वाळवल्यास एन्झाइम टिकेल असे वाटते.’

“सर, आज चोवीस एप्रिल आहे.”

“ठाऊक आहे हो. सुचलं तेव्हाच होतं, लिहायचं राहून गेलं. आता अमेरिकेला पेटंटचे कागद जायचेत. तुमचा शुक्रवार घाला ना, सहा फेब्रुवारी.”

“पण मी वाचलं आज.”

“मग काय झालं? वाचलंत ना? समजलं ना?”

“हे कुंदा खिल्लारे पण...”

हुपरीकरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “प्रयोग तिनेच केले. उत्तम केले. हात तिचे आहेत. पण दहा वर्षं हा जिवाणू कोणी सांभाळला, हे तुम्हाला मी सांगायचं?”

त्यांनी जे सांगितलं नाही ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी इंदूच्या ऑपरेशनच्या वेळी तिच्या गटाचं रक्त मिळत नव्हतं. हे गृहस्थ एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा अर्धी सोडून, परीक्षकाची खुर्ची रिकामी ठेवून आले आणि रक्त देऊन गेले. नंतर त्यांनी त्याचा कधी उल्लेखही केला नाही.

मी शिक्का मारला. सही केली. सहा फेब्रुवारी घातली. संध्याकाळी वहीत लिहिलं: ‘डॉ. हु. यांच्या वहीत तीन फेब्रुवारीच्या पानावर मागची तारीख घालून सही केली. करायला नको होती.’

*

तीन वर्षांनी कुंदाच्या वकीलबाईंचा, मेहेर यांचा, फोन आला. कुंदाला माझी चुकांची वही आठवत होती. ती अजून आहे का, त्यात पाच मार्च आहे का?

“आहे,” मी म्हणालो, आणि म्हणताक्षणीच वाटलं, नाही म्हणायला हवं होतं.

“आम्हाला पूर्ण वही लागेल. एक पान चालणार नाही. एकच पान दिलं तर समोरचे म्हणतील, बाकीचं का लपवता?”

पुढचे चार दिवस मी घरात फेऱ्या मारत होतो. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नसे. ती वही दिली तर पाच मार्च बाहेर येणार, आणि त्यानंतर तीन पानांनी चोवीस एप्रिल. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. बत्तीस वर्षांत मी केलेली एकुलती एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या सह्या, आणि मी स्वतःच जगाला सांगणार की त्यातली एक खोटी आहे. शिवाय ते रक्त.

पाचव्या दिवशी इंदूने मेथीची जुडी खाली ठेवली. “आता बसा एका जागी. काय आहे त्या वहीत एवढं?”

मी वही तिच्यासमोर ठेवली. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने ती कधी उघडली नव्हती. दुपारचे दोन तास ती वाचत होती. मेथी तशीच पडून राहिली.

“माझ्या बाबतीत तुम्ही एकशे सोळा वेळा चुकलात,” शेवटी ती म्हणाली.

“मोजलंस?”

“तुम्ही नाही मोजलंत? मग एवढं लिहून उपयोग काय?” तिने पानं मागे उलटली. “एप्रिलमधलं हे काय आहे?”

मी सांगितलं. सहीचं, तारखेचं. मग रक्ताचं बोलायला लागलो.

“रक्त कोणाच्या अंगात आहे?” तिने मध्येच विचारलं.

“तुझ्या.”

“मग मी सांगते. द्या वही.”

मी वही मेहेरबाईंना दिली. पण एक गोष्ट मी तेव्हा इंदूलाही सांगितली नाही. ती वहीत नव्हती, आणि वकीलबाईंनी बजावलं होतं, “विचारतील तेवढंच सांगायचं. त्यापुढे एक शब्द नाही.”

*

साक्षीच्या दिवशी सकाळी मेहेरबाईंनी मला पाच मार्च आणि चोवीस एप्रिल वाचायला लावलं. मी वाचलं. हुपरीकर टेबलावरच्या आपल्या बोटांकडे पाहत होते. वहीची प्रत त्यांच्या बाजूला आठ दिवस आधीच गेली होती, त्यामुळे त्यांना नवीन काही नव्हतं. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, एवढंच.

जेवणानंतर नाडकर्णींची पाळी आली, आणि आमटीपासून सुरुवात झाली.

“अशा किती नोंदी आहेत, लोटलीकर?”

“अकरा वर्षांत दोन हजारांच्या आसपास.”

“म्हणजे तुम्ही सतत चुकत असता.”

“हो.”

“आणि ह्या पेन्सिलीच्या काटा?”

“नंतर कळलं की ती चूक नव्हती, तर काट मारतो.”

“छान पद्धत आहे.” नाडकर्णी खरोखरच प्रेमाने बोलत होते. “चोवीस एप्रिलच्या नोंदीवर काट आहे?”

“आहे.”

“समासात काय लिहिलंय?”

“‘दोन मे. चूक नव्हती. डॉ. म्हणतात त्याअर्थी त्यांनी विचार केलाच असेल.’”

मेहेरबाईंनी पेन खाली ठेवलं. हे येणार हे आम्हाला माहीत होतं, पण ते त्या हॉलमध्ये मोठ्याने ऐकताना वेगळंच वाटलं.

“आता मला मदत करा,” नाडकर्णी म्हणाले. “तुमची वही विश्वासार्ह असेल, तर ही काटही विश्वासार्ह. म्हणजे डॉक्टरांना फेब्रुवारीतच सुचलं होतं. आणि ही काट चुकीची असेल, तर वहीवर भरवसा नाही. मग पाच मार्चवर तरी का ठेवायचा? दोहोंपैकी कुठलं खरं मानू?”

डोक्यावरचा एसी घरघरत होता.

“बरं, सोपं करून विचारतो. तुम्ही प्रामाणिक गृहस्थ आहात. या काळातल्या तुमच्या सगळ्या चुका या वहीत आहेत ना? सुटलेली एकही नाही?”

‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. मेहेरबाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या. कुंदासुद्धा पाहत होती, पण निराळ्या नजरेने. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहत होती.

“नाही,” मी म्हणालो. “एक नाही त्यात.”

“काय?”

“एकतीस जुलैची.”

नाडकर्णींनी पानं उलटली. “एकतीस जुलै आहे की. ‘दुपारी खिडकी लावायची राहिली. दोन मासिकं भिजली.’”

“ती होती. तिच्याआधी एक झाली होती.”

“लोटलीकर,” मेहेरबाई हलकेच म्हणाल्या. नाडकर्णींनी हात वर केला. “बोलू दे त्यांना.”

मी ग्लास कोणाचा आहे याचा विचार न करता पाणी प्यायलो.

“त्या दिवशी कुंदा संस्था सोडून जात होती. लायब्ररीची सगळी पुस्तकं परत केल्याचा दाखला तिला हवा होता. त्यावर माझी सही लागते. मी फॉर्म पुढे ओढला. ती म्हणाली, ‘काका, मी मार्चमध्ये तुम्हाला पापडखाराचं बोलले होते. तुम्हाला आठवतं ना? पेटंटवर माझं नाव नाही असं ऐकलंय. तुम्ही एक ओळ लिहून द्याल?’ वही माझ्या टेबलाच्या खणात होती. खणाची मूठ माझ्या गुडघ्याला लागत होती. मी फॉर्मवरून मान वर केली नाही. मी म्हणालो, ‘इतकी मुलं येतात, इतकं बोलतात. नक्की नाही आठवत.’ आणि दाखल्यावर सही करून तिच्या हातात दिला.”

“तेव्हा तुम्हाला आठवत नव्हतं,” नाडकर्णी हळूच म्हणाले.

“आठवत होतं.”

“म्हणजे खोटं बोललात.”

“हो.”

“चोवीस एप्रिललाही खोटी तारीख घातलीत.”

“हो.”

“दोन्ही वेळा शांतपणे. मग आज खरं बोलताय, हे कशावरून मानायचं?”

मेहेरबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मी खरोखर विचार केला. मला या प्रश्नाचं उत्तर आयुष्यात कधीच सापडलेलं नव्हतं, आणि त्या हॉलमध्ये सापडेल असं वाटत नव्हतं.

“माझ्यावरून मानू नका,” मी म्हणालो. “पण पाच मार्चला मी ते लिहिलं तेव्हा त्यात कोणाचं काय जाणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मला फक्त पुस्तक क्रमांक लक्षात ठेवायचा होता. दोन मेला काट मारली तेव्हा ठाऊक होतं. एकतीस जुलैला लिहिलं नाही, तेव्हाही ठाऊक होतं.”

टाइप करणारी मुलगी थांबली. नाडकर्णींनी वही मिटली, तिच्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, “आणखी प्रश्न नाहीत.” मेहेरबाईंनी वहीच्या पुठ्ठ्यावर पुराव्याचा एक पिवळा कागद चिकटवला होता. ती वही मला परत मिळाली नाही.

*

निकाल यायला दहा महिने लागले. पेटंटवर कुंदाचं नाव पहिलं लागलं. हुपरीकरांचंही राहिलं, दुसरं. जिवाणू त्यांचाच होता. माझ्याकडून शिक्का काढून घेण्यात आला, तो साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी. कोणी ओरडलं नाही. शिपाई आला आणि म्हणाला, “तेवढा शिक्का मागितलाय.” तेव्हापासून शुक्रवारी दुपारी मला बसवत नसे. वाचनकक्षात मी उगाचच पुस्तकं सरळ करत फिरायचो.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी हुपरीकर लायब्ररीत आले. मासिकांच्या रॅकपाशी बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “लोटलीकर, मला फेब्रुवारीत सुचलं नव्हतं, हे तुम्हाला नक्की माहीत आहे?”

मी खरं तेच सांगितलं. “नाही, सर.”

त्यांनी एक मासिक उचललं, परत ठेवलं. “मलाही नाही,” ते म्हणाले, आणि गेले.

यावर मी अजून विचार करतो. तो माणूस खोटारडा नव्हता. कदाचित तिने सांगितलेलं ऐकता-ऐकता ते त्याच्या दहा वर्षांच्या कामात असं मिसळलं असेल, की त्यालाच वेगळं काढता आलं नसेल. किंवा त्याला खरंच सुचलं असेल. मला माहीत नाही. माझी वही माझ्याकडे असती तरी त्यात हे नसतं.

पण ही गोष्ट सांगायला मी बसलो ती साक्षीच्या दुपारसाठी. हॉलमधून मी बाहेर आलो. व्हरांड्यात चहाचं टेबल मांडलं होतं. मेहेरबाई माझ्याशी न बोलता पुढे निघून गेल्या. फोनवर त्यांचा आवाज ऐकू येत होता: “नाही हो, आपल्याच साक्षीदारानं घालवलं!”

कुंदा चहाचे दोन कप घेऊन आली. एक माझ्या हातात दिला.

“मॅडम चिडल्यात,” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“ते सांगायची काय गरज होती, काका? ‘हो’ म्हणून मोकळं व्हायचं.”

“माझ्यामुळे हरलीस तर...”

“हरले तर हरले.” तिने एक घोट घेतला. नवा चष्मा आला होता, केसांत एक पांढरी बट. “बापाच्या पिंपात आता चुना नाही, पावडर पडते. मीच करून पाठवते. त्याला पेटंट-बिटंट काही कळत नाही. मला विचारतो, ‘पोरी, हे तूच शोधलं ना?’”

“मग? काय सांगतेस?”

हॉलचं दार उघडलं आणि हुपरीकर व नाडकर्णी बाहेर आले. आम्हाला पाहून ते दुसऱ्या जिन्याने खाली उतरले. त्यांची पावलं वाजायची थांबल्यावर ती माझ्याकडे वळली.

“काका, एक खरं सांगा. एकतीस जुलैला तुम्हाला खरंच आठवत होतं?”

“शब्दन् शब्द. पुस्तकाला बाप नाही म्हणालीस, तेसुद्धा.”

तिने कप कठड्यावर ठेवला आणि चष्मा काढून पुसायला लागली.

“बापाला काय सांगणार?” ती म्हणाली. “तुमच्यासारखा माणूस, जो आमटीचंसुद्धा लिहून ठेवतो, तो म्हणाला आठवत नाही. मला वाटलं, मग मी बोललेच नसेन. खटला भरला, तुमची वही मागवली, तरी तीन वर्षं आत कुठंतरी मला वाटत होतं, की ते मला सरांनीच सांगितलं होतं.”